जुनेराच्या घड्या

भगिनींनो, हा विषय मंडळात नाही तर कुठे बोलायचा? आमच्या कर्जत-खालापुरात आजीपासून नऊवारीच्या जुनेराच्या घड्या. धुवायच्या, पुन्हा घ्यायच्या. कापड वाईट नव्हे, लपवून वाळवणे वाईट. कडक ऊन हवे, अन् आम्ही त्या अंधाऱ्या न्हाणीत परकराखाली वाळत घालीत असू. पावसाळ्यात तर ओलसरच! मांड्या सोलवटत, सांगणार कोणाला?

८ मार्च २०१८ ला सरकारची अस्मिता योजना आली : जिल्हा परिषद शाळेतील मुलींना ५ रुपयांत ८ पॅड. सोय झाली, पण वापरलेले टाकायचे कुठे? हल्ली मुली उकळून पुन्हा वापरायचा कप घेतात. तोही जुनाच, अमेरिकेत लिओना चाल्मर्सबाईंनी १९३७ साली त्याचे पेटंट घेतले. मी मात्र कापडच वापरते. उन्हाळ्यात अंगणातल्या दोरीवर वाळवते, पावसात वर इस्त्री फिरवते.