ओसरला, पण उघडला नाही

भोर-वेल्ह्यात पावसाबद्दल बोलताना दोन क्रियापदांची गल्लत करून चालत नाही. पाऊस उघडला म्हणजे थांबला, आभाळ मोकळं झालं. ओसरला म्हणजे जोर गेला, धार मात्र चालूच आहे. तोरण्याच्या पायथ्याशी जुलैत उघडीप क्वचितच मिळते. माणसं ओसरण्याचीच वाट पाहतात, आणि तेवढ्यात लावणी उरकून घेतात.

या शब्दाचं कूळ संस्कृतात ‘अपसरति’पर्यंत जातं. अप म्हणजे दूर, सृ म्हणजे सरकणं. प्राकृतात ‘अप’ आणि ‘अव’ या उपसर्गांचा ‘ओ’ झाला. बाराव्या शतकातल्या हेमचंद्राने आपल्या प्राकृत व्याकरणात हा नियम सांगितला आणि ‘ओसरइ’ हेच रूप उदाहरणात दिलं. अवनतचा ‘ओणवा’ झाला तोही याच वाटेने. सरणे, पसरणे ही ओसरण्याची सख्खी भावंडं. ‘विसरणे’ दिसतं त्यांच्यासारखं, पण ते ‘स्मृ’च्या घरचं, आडनाव जुळलं एवढंच.

मुळात अर्थ होता बाजूला होणं, मागे हटणं. माणूसही ओसरू शकत होता. मराठीत मात्र हे क्रियापद हळूहळू मर्यादा सोडून आलेल्या गोष्टींना चिकटलं: पूर, ताप, सूज, गर्दी, राग. पंखा ओसरत नाही, एसटीही ओसरत नाही. त्यांचा वेग मंदावतो. भरून आलेलं असेल तेच ओसरतं, आणि तेही आपणहून. हेमचंद्राकडे ‘ओसारिअ’ म्हणजे ‘दूर सारलेलं’ असं प्रयोजक रूपही आहे. आजच्या बोलण्यात ते ऐकू येत नाही. ताप आपण उतरवतो. ओसरतो तो त्याचा तो.

भोर-वेल्ह्याच्या या धरणांच्या मुलखात कमी करणं आणि आपणहून ओसरणं हा भेद फार कामाचा आहे. वेळवंडीवरच्या भाटघर धरणातून सोडलेला विसर्ग कमी केला जातो. खाली नीरेचा पूर त्यानंतर ओसरतो. पहिलं काम माणसाचं, दुसरं नदीचं. उन्हाळ्यात भाटघरचं पाणी मागे हटलं की कांबरे गावचं कांबरेश्वराचं देऊळ उघडं पडतं. पण तिथे मी ‘ओसरलं’ म्हणणार नाही. पाणी सोडून सोडून साठा आटतो, त्याला आटणंच म्हणावं.

पूर्वीच्या वेल्हे (आता राजगड) तालुक्यातलं पानशेत धरण 12 जुलै 1961 रोजी फुटलं, पाठोपाठ खडकवासला गेलं आणि पुण्यात लोंढा शिरला. ते पाणी मात्र खऱ्या अर्थाने ओसरलं. मागे चिखल राहिला, पडकी घरं राहिली. ओसरण्यात नुकसान भरून निघाल्याचा अर्थ कधीच नसतो.

तेव्हा पावसाळ्यात राजगड-तोरण्याकडे निघालात आणि गावात कुणी ‘ओसरलाय’ म्हणालं, तर रेनकोट पिशवीत घालू नका. ‘उघडलाय’ म्हणेपर्यंत थांबा.