दंडाची बेटकुळी आणि निनावी देह

१/ पाबळ येथे मस्तानीची समाधी आहे. १७४० साली निवर्तलेल्या त्या स्त्रीचे नाव दगडाने राखले. आजचा धागा मात्र ज्यांना ना समाधी लाभली, ना ज्यांचे नाव उरले, अशा देहांविषयी आहे. आपल्या दंडाची खरी रचना वैद्यकाला त्यांनीच शिकवली.

२/ बेटकुळी ज्या स्नायूमुळे फुगते, त्याला द्विशिरस्क म्हणतात. खांद्याजवळ त्याची दोन शिरे हाडाला जोडलेली असतात, म्हणून हे नाव. परंतु काही माणसांत त्याला तिसरे शिर असते, क्वचित चौथेही!

३/ हे कळले कसे? सुश्रुतसंहितेत मृतदेह गवतात गुंडाळून सात रात्री वाहत्या पाण्यात ठेवण्याची आणि मग एकेक थर घासून पाहण्याची रीत सांगितली आहे. तेथे पेशी, म्हणजे आजच्या भाषेत स्नायू, ५०० मोजले आहेत. स्त्रियांसाठी त्यात केवळ वीसची भर आहे. माणसामाणसांतील भेद दिसायचे तर अनेक देह शेजारी ठेवून पाहावे लागतात.

४/ १८६० च्या दशकात लंडनच्या किंग्ज कॉलेजात जॉन वुड यांनी नेमके तेच केले. ३६ देहांच्या एका संचात त्यांना स्नायूंचे ५५८ भेद आढळले. पाठ्यपुस्तकाशी तंतोतंत जुळणारा देह एकही नव्हता! १८७१ साली डार्विनने मानवाच्या उत्पत्तीवरील ग्रंथात हीच नोंद पुराव्यादाखल घेतली.

५/ इतके देह कोठून येत? १८३२ च्या ब्रिटिश कायद्याने बेवारस मृतदेह विच्छेदनासाठी देण्याची वाट खुली केली. त्यांत भरणा गरिबांचा. मुंबईत ग्रँट मेडिकल कॉलेज १८४५ मध्ये सुरू झाले. पुढे शिलालेखांचे वाचन करणारे भाऊ दाजी लाड हे तेथील १८५१ च्या पहिल्या पदवीधरांपैकी. बेवारस देहांविषयीचा मुंबई शरीरशास्त्र अधिनियम मात्र १९४९ चा.

६/ या ज्ञानाचा उपयोग काय? दंडाचे हाड मोडल्यावर शल्यचिकित्सक स्नायूंच्या खुणा पाहून मज्जातंतू शोधतो. तिसरे शिर असेल, तर ती खूण फसवी ठरू शकते. काहींच्या कोपराच्या वर हाडाचा छोटा काटा व त्यापासून निघालेला तंतुबंध असतो. १८४८ मध्ये जॉन स्ट्रुदर्स यांनी त्याचे वर्णन केले. त्याखाली मज्जातंतू दाबला गेला, तर हाताला मुंग्या येतात, पकड दुबळी होते. दोष मनगटात समजून उपचार केले, तर दुखणे तसेच राहते.

७/ भाऊ दाजींचे नाव मुंबईतील संग्रहालयाला आहे, स्ट्रुदर्स यांचे त्या तंतुबंधाला. टेबलावरच्या माणसांची नावे कोणाच्या स्मरणात नाहीत, त्यांची संमतीही कोणी विचारली नव्हती. आज स्वेच्छेने देहदान करणारा मनुष्य निदान स्वतःच्या सहीने तेथे पोहोचतो. वैद्यकाच्या इतिहासात हा बदल एखाद्या नव्या शोधाइतकाच मोलाचा आहे.