कासंडी, माप आणि पासबुकावरचं नाव

भंगारवाला गल्लीत आला की आपण माळ्यावरची जुनी भांडी खाली काढतो. पितळेची कासंडी, दुधाचं माप, चेपलेली किटली. किलोवर भाव होतो आणि बाजाराचे पैसे सुटतात. आज या भांड्यांचा इतिहास सांगते, कारण तो आपल्याच कामाचा इतिहास आहे.

कासंडी म्हणजे धार काढायचं भांडं. गुडघ्यांत धरायचं, धार काढायची, मग राखेनं घासून उन्हात पालथं घालायचं. घरी लागेल तेवढं दूध ठेवून उरलेलं विरजायचं, नाहीतर रतीब घालायचा. रतीब पावशेर, अच्छेर, शेर अशा मापानं चाले. शेर सगळीकडे सारखा नव्हता, त्यामुळे घेणारी बाई आधी माप बघून घ्यायची. १९५६च्या कायद्यानंतर हळूहळू लिटर आलं, पण आपल्या तोंडी पावशेर अजून आहेच. घरातल्या मापावर सरकारी शिक्का उमटवलेला असेल तर नीट बघा. माप तपासून घेतल्याची ती खूण.

आपल्या जुन्नर, आंबेगावची कितीतरी माणसं डबेवाले म्हणून मुंबईला गेली. तिथे त्यांनी आरेची बाटली पाहिली. शहरातल्या तबेल्यांची घाण कमी व्हावी म्हणून १९४९मध्ये गोरेगावजवळ आरे दूध वसाहत उभी राहिली. दारा खुरोडी हे त्यामागचे मुख्य अधिकारी. काचेची बाटली, वर पातळ पत्र्याचं टोपण. रिकामी बाटली द्यायची आणि भरलेली घ्यायची. पुढे प्लास्टिकची पिशवी आली आणि बाटली शोभेची वस्तू झाली. आता हौशी लोक ती जपून ठेवतात. आपली कासंडी मात्र भंगारात जाते.

इकडे गावाकडेही दूध बदललं. पुणे जिल्हा सहकारी दूध संघ, म्हणजे आपली कात्रज डेअरी, उभी राहिली. गावोगावी दूध संस्था निघाल्या. १९६७मध्ये मणिभाई देसाईंनी उरुळीकांचनला बायफ सुरू केली आणि संकरित गाई गोठ्यात आल्या. १९७०पासून देशभर दुधाचा महापूर योजना चालली. कुकडीच्या पाण्यावर हिरवा चारा पिकू लागला. १९९२मध्ये मंचरला खासगी डेअरीही आली. पावशेराच्या मापाचं दूध चाळीस लिटरच्या कॅनमध्ये गेलं. दुधाचा भाव फॅट आणि एसएनएफवर ठरू लागला. फॅट तपासायच्या काचेच्या नळ्या गेल्या, आता यंत्र पावती देतं.

एक गोष्ट मात्र तशीच राहिली. चारा कापणं, शेण काढणं, धार काढणं, कॅन घासणं हे बहुतेक घरांत बाईच करते. पण संस्थेच्या पासबुकावर नाव बहुधा घरच्या कारभाऱ्याचं असतं. रतिबाच्या काळात दुधाचे चार पैसे बाईच्या कनवटीला तरी लागत. आता पगार खात्यावर जमा होतो. खातं ज्याचं, पैसा त्याच्या हातात.

सहकाराच्या कायद्यात एका सभासदाला एक मत आहे, आणि संचालक मंडळात बायकांसाठी दोन जागा राखीव आहेत. पण सभासद असल्याशिवाय ना मत देता येतं, ना निवडणुकीला उभं राहता येतं. म्हणून संस्थेत जाऊन विचारा: माझ्या नावावर सभासदत्व घ्यायला काय कागद लागतात, शेअर किती रुपयांचा, दूध माझ्या नावावर कसं घालायचं?

आणि भांडी विकायच्या आधी घरातल्या म्हातारीजवळ बसा. ही कासंडी कोणाची, माहेरची की सासरची? किती जनावरं होती? रतीब कोणाकडे होता, हिशेब कुठे ठेवायच्या? भिंतीवर कोळशाच्या रेघा, की कॅलेंडरच्या चौकटीत? सांगतील ते वहीत लिहा, चिठ्ठी भांड्याला बांधा. गटाच्या कपाटात एक फळी त्यासाठी ठेवता येईल. शाळेतली पोरं बघायला येतील.

पुढच्या बैठकीला प्रत्येकीनं दुधाची एक जुनी वस्तू आणा. सोबत दूध संस्थेचं पासबुकही आणा. त्यावर कोणाचं नाव आहे ते आपण एकत्र बसून वाचू.