टचस्क्रीनची तक्रारवही

बाजारात काही नवीन आलं की लोक दोन गोष्टी करतात. आधी नावं ठेवतात, मग रांग लावतात. टचस्क्रीन मोबाइलच्या बाबतीत हे दोन्ही जवळजवळ एकाच वेळी झालं. त्या काळातल्या गिऱ्हाइकांच्या तक्रारी आज बघितल्या की गंमत वाटते, कारण त्यातल्या बहुतेक खऱ्या होत्या. आणि तरीही त्या तक्रारी शब्दशः ऐकून फोन बनवणाऱ्या कंपन्या मागे पडल्या. आमच्या धंद्यात 'कस्टमर फीडबॅक' हा शब्द दिवसातून दहा वेळा कानावर पडतो, म्हणून म्हटलं या शनिवारी हाच इतिहास जरा नीट बघू.

तर सुरुवात २००७ ची नाही, बरीच आधीची आहे. बोटाने चालणाऱ्या पडद्याची कल्पना इंग्लंडच्या ई. ए. जॉन्सनने १९६५ साली मांडली, तीही विमानांची ये-जा सांभाळणाऱ्या कंट्रोलरसाठी. फोनवर टचस्क्रीन आला १९९४ मध्ये. आयबीएमने बनवलेला आणि अमेरिकेत बेलसाउथने विकलेला 'सायमन'. वजन साधारण अर्धा किलो, पडदा एकरंगी, आत ईमेल, फॅक्स, कॅलेंडर सगळं. काँट्रॅक्टसकट किंमत ८९९ डॉलर. आणि बॅटरी? बोलत राहिलात तर तासाभरात राम म्हणायची. जेमतेम पन्नास हजार फोन विकले गेले आणि कारभार आटोपला. म्हणजे बॅटरीची तक्रार टचस्क्रीन फोनच्या जन्मापासूनची आहे. तीस वर्षं झाली, अजून ठणठणीत आहे! :)

पुढची दहा-बारा वर्षं टचस्क्रीन म्हणजे काडी. पामचे ऑर्गनायझर, विंडोज मोबाइलचे फोन, सोनी एरिक्सनचा पी८००, सगळ्यांना एक छोटा स्टायलस असायचा. हे पडदे 'रेझिस्टिव्ह'. दोन पातळ थर, मध्ये बारीक फट. दाबलं की थर टेकतात आणि कुठे टेकले ते फोनला कळतं. दाबायला काहीही चालतं, काडी, नख, पेनचं टोपण. पण दाबावं लागतं, बोट सरकवताना अडखळतं, आणि काडी हमखास हरवते. दुसरा प्रकार 'कपॅसिटिव्ह'. आपलं बोट वीजवाहक असतं, त्यामुळे नुसता स्पर्श झाला तरी काचेवरच्या विद्युतक्षेत्रात फरक पडतो. दाबायची गरज नाही. मात्र हातमोजा घातला की फोन बहिरा, आणि पावसाचे थेंब पडले की खुळा. हा फरक लक्षात ठेवा, पुढचं बरंचसं भांडण यावरच आहे.

आयफोन ९ जानेवारी २००७ ला जाहीर झाला आणि २९ जूनला अमेरिकेत विक्रीला आला. तक्रारींची यादी मोठी होती. थ्रीजी नाही. एमएमएस नाही. कॅमेरा आहे पण व्हिडिओ नाही. बॅटरी काढता येत नाही. कॉपी-पेस्ट नाही (हो, ते यायला जून २००९ उजाडला). ५९९ डॉलरचं मॉडेल सप्टेंबरात एकदम ३९९ वर आलं, तेव्हा आधी रांग लावणारे इतके भडकले की अ‍ॅपलला त्यांना १०० डॉलरचं क्रेडिट द्यावं लागलं. आपल्याकडे आयफोन थ्रीजी २२ ऑगस्ट २००८ ला आला, किंमत ३१,००० आणि ३६,१०० रुपये. नावात थ्रीजी, पण देशात थ्रीजी सेवाच सुरू झालेली नव्हती! एमटीएनएलने ती दिल्लीत सुरू केली त्याच वर्षीच्या डिसेंबरात.

कौतुक करणारे मात्र वेगळंच काहीतरी सांगत होते. यादी बोटाने भिरकावली की ती सरसर पळते आणि हळूहळू थांबते. फोटो चिमटीत धरून मोठा करता येतो. वेबसाइट कॉम्प्युटरवर दिसते तशीच दिसते. यातलं एकही फीचर आधी कुठल्या गिऱ्हाइकाने मागितलं असेल असं वाटत नाही.

सगळ्यात मोठी तक्रार होती बटणांची. आणि ती अजिबात फालतू नव्हती. जुन्या फोनवर टी९ वापरून बाकाखाली हात ठेवून, न बघता एसएमएस पाठवणारी पिढी होती. ब्लॅकबेरीवाले तर दोन अंगठ्यांनी धडाधड ईमेल लिहायचे. काचेवर बोटाला काहीच लागत नाही. मायक्रोसॉफ्टचे स्टीव्ह बामर मुलाखतीत हसत म्हणाले होते की याला कीबोर्ड नाही, बिझनेसवाले कशाला घेतील. तेव्हा ते एकटेच हसत नव्हते.

या एका तक्रारीला तीन कंपन्यांनी तीन उत्तरं दिली, आणि मला इतिहासातला हाच भाग सगळ्यात शिकण्यासारखा वाटतो.

ब्लॅकबेरीने तक्रार जशीच्या तशी घेतली. नोव्हेंबर २००८ मध्ये 'स्टॉर्म' आला. त्यात अख्खा पडदाच एक मोठं बटण होतं, दाबला की खरोखर 'टक' व्हायचं. कागदावर आयडिया झकास. पण अख्ख्या पडद्याला बटण एकच, त्यामुळे एक अक्षर दाबून ते वर आल्याशिवाय दुसरं दाबता येईना. म्हणजे दोन अंगठ्यांचा वेग, जो ब्लॅकबेरीचा प्राण, तोच गेला. त्यात सॉफ्टवेअर अडखळणारं आणि वायफाय नाही. फोन परत करायला लोक दुकानात आले.

नोकियाने सगळ्यांना खूश करायचं ठरवलं. ऑक्टोबर २००८ मध्ये जाहीर झालेला ५८०० एक्स्प्रेसम्युझिक रेझिस्टिव्ह होता. बोटाने चालेल, नखाने चालेल, हातमोज्याने चालेल, शिवाय बॉक्समध्ये काडी आणि गिटार वाजवतात तसलं एक प्लेक्ट्रमसुद्धा! किंमत आयफोनपेक्षा कमी, बॅटरी काढता येणारी, आणि तो दणकून विकलाही गेला. पण आत बटणांसाठी लिहिलेलं सिंबियन तसंच. मेनूत एकदा टेकवलं की उघडणार, यादीत मात्र एकदा टेकवलं की नुसतं सिलेक्ट होणार, उघडायला पुन्हा टेकवा. गिऱ्हाइकाला 'टच नीट लागत नाही' एवढंच सांगता यायचं. दुखत होतं ते सॉफ्टवेअर.

अ‍ॅपलने बटण दिलंच नाही. त्यांनी विचार केला की बटण नसल्यामुळे नेमकं काय होतं? तर चुकीचं अक्षर पडतं. मग चूक सॉफ्टवेअरने सावरायची. पुढे कुठलं अक्षर येण्याची शक्यता जास्त आहे ते ओळखून त्या अक्षराची स्पर्शाची जागा आतल्या आत मोठी करायची, आणि तरी चुकलं तर शब्द दुरुस्त करायचा. हा कीबोर्ड लिहिणाऱ्या केन कोसिएंडाने २०१८ च्या आपल्या पुस्तकात ही धडपड सविस्तर सांगितली आहे. लोकांनी मागितलं होतं बटण, मिळाला ऑटोकरेक्ट. त्यालाही शिव्या पडल्याच म्हणा.

आपल्या मराठीवाल्यांच्या दृष्टीने तर हे बटण जाणं म्हणजे लॉटरीच. बारा बटणांवर क ते ज्ञ, वर काना-मात्रा-वेलांट्या बसवायच्या म्हणजे शिक्षा होती, म्हणून आपण वर्षानुवर्षं 'kasa ahes' चं मिंग्लिश रोमन लिपीत बडवत बसलो... खरं तर छापील बटणावरचं अक्षर बदलता येत नाही, काचेवरचं हवं तेव्हा बदलता येतं. आयआयटी मुंबईच्या औद्योगिक अभिकल्प केंद्राने २०१३ साली काढलेला 'स्वरचक्र' कीबोर्ड बघा. व्यंजनं वर्णमालेच्या क्रमाने मांडलेली, आणि 'क' वर बोट ठेवलं की भोवती का, कि, की, कु यांचं चक्र उघडतं. असलं बटण प्लॅस्टिकमध्ये बनवणं अशक्य होतं. आयफोनवरही २०१४ मध्ये मराठी कीबोर्ड आला. टचस्क्रीनचा जो दोष म्हणून जगभर बोंब झाली, तोच आपल्या लिपीला फळला.

पण नाण्याची दुसरी बाजूही सांगायला हवी. जुन्या फोनच्या ५ या बटणावर एक छोटा उंचवटा असायचा. अंध माणसाला तेवढ्यावर नंबर लावता यायचा. सपाट काचेने तो आधार काढून घेतला. आयफोनवर पडदा वाचून दाखवणारं व्हॉइसओव्हर आलं जून २००९ मध्ये, म्हणजे दोन वर्षांनी. ते आल्यावर फोन खूपच उपयोगी झाला हे खरं, पण मधली दोन वर्षं या लोकांची तक्रार कुठल्या रिव्ह्यूत ठळक दिसली नाही. फीडबॅक देतो तो गिऱ्हाईक, आणि जो वापरूच शकत नाही तो गिऱ्हाईक होतच नाही.

काही तक्रारी तर आता कायदा होऊन परत येताहेत. वापरणाऱ्याला बॅटरी स्वतः बदलता यावी असा नियम युरोपियन युनियनने २०२३ मध्ये केला, काही अपवाद सोडून तो फेब्रुवारी २०२७ पासून लागू होण्यासाठी. म्हणजे २००७ ची तक्रार वीस वर्षांनी दप्तरी दाखल!

असो. यातून 'गिऱ्हाइकाचं ऐकू नका' असा अर्थ काढू नका, सोमवारी ऑफिसात महागात पडेल. कुठे दुखतंय हे गिऱ्हाईक अगदी अचूक सांगतं. औषध कोणतं ते शोधणं आपलं काम, आणि जे दवाखान्यापर्यंत पोचलेच नाहीत त्यांची विचारपूस करणंही आपलंच.

आता तुम्ही सांगा, तुमचा पहिला टचस्क्रीन कोणता होता, आणि तुम्ही त्याच्या नावाने कशासाठी बोटं मोडली होती?