कडब्याचा हिशोब: जनावराचं ताट पेरणीतच ठरतं

आज किल्ला नाही, लढाई नाही, तहसुद्धा नाही. आज आपण वैरणीचा इतिहास बघणार आहोत. हसू नका. नांदेड-लातूर पट्ट्यातल्या गेल्या साठ वर्षांत काय बदललं हे समजून घ्यायचं असेल, तर गोठ्यातली गव्हाण बघावी. आपण काय पेरलं, काय विकलं आणि काय गमावलं, ते तिथं दिसतं.

सुरुवात दोन जनावरांपासून करू. नांदेड जिल्ह्यातल्या कंधारवरून नाव पडलेली लाल कंधारी, आणि लातूर जिल्ह्यातल्या देवणीवरून नाव पडलेली देवणी. लाल कंधारी गडद लाल रंगाची, दूध बेताचं, पण बैल कामाला चिवट. देवणी दुधालाही बरी आणि औतालाही. तिच्यात अंगावरच्या रंगावरून वानेरा, बालंक्या आणि शेवरा असे प्रकार करतात. लोहा तालुक्यातल्या माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत घोडे, गाढवं, उंट यांच्यासोबत ही जनावरंही बघायला मिळतात.

कुठलंही जनावर तिथल्या चाऱ्यावर घडतं. पेरूमधला अल्पाका अँडीजच्या थंड पठारावरच्या खरबरीत गवतावर घडला. त्याला भरपूर धान्य घातलं तर त्याचं पोट बिघडतं. तशी आपली लाल कंधारी आणि देवणी ज्वारीच्या कडब्यावर घडली.

आता कडबा म्हणजे नेमकं काय, हे शहरात वाढलेल्यांसाठी सांगतो. रब्बी ज्वारी सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये पेरतात. काळ्या जमिनीत जिरलेल्या ओलीवर ती वाढते आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये काढणीला येते. ताटं उपटायची, कणसं मोडून खळ्यावर न्यायची, ताटं वाळवून पेंढ्या बांधायच्या आणि बणीम रचायची. नीट रचलेली बणीम पाऊस अंगावर घेते, पण आत कडबा कोरडा राहतो. वर्षभराची वैरण तिथं उभी असायची. आमच्या धंद्याच्या भाषेत सांगायचं तर कडबा हा बायप्रॉडक्ट नव्हता, ते मुख्य फीचर होतं. मोहोळच्या संशोधन केंद्रावर निवडलेली मालदांडी ३५-१ इतकी वर्षं टिकली, त्यात भाकरीच्या चवीइतकाच कडब्याचा वाटा आहे.

पण हीच ज्वारी कोवळी असताना विष असते. गुडघ्याएवढी ज्वारी, पाण्यावाचून खुरटलेली ज्वारी, किंवा कापणीनंतर खोडाला आलेला फुटवा जनावरानं पोटभर खाल्ला, तर थोड्याच वेळात तोंडाला फेस येतो, श्वास लागतो, जनावर कोसळतं. गावातल्या जुन्या माणसांना हे शाळेत न जाता माहीत होतं. फुलोऱ्याच्या आधी ज्वारीत जनावर सोडायचं नाही, हा नियमच होता. त्यामागचं रसायन कळायला १९०२ साल उजाडलं. इजिप्तमध्ये जनावरं कोवळी ज्वारी खाऊन मरत होती. विंडम डन्स्टन आणि टी. ए. हेन्री या दोन शास्त्रज्ञांनी त्या रोपांतून एक द्रव्य वेगळं काढलं आणि ज्वारीच्या अरबी नावावरून त्याला 'धुरिन' म्हटलं. पानं चावली गेली की या धुरिनपासून सायनाइड तयार होतं. पीक पक्व झालं आणि ताट वाळलं, की ते खूप कमी होतं. म्हणजे जनावराला काय द्यायचं एवढ्यानं भागत नाही. तेच ताट कधी द्यायचं, हेही कळावं लागतं.

मग हे सगळं बिघडलं कुठे? पहिला फरक १९६४ चा. त्या वर्षी सीएसएच-१ हे ज्वारीचं पहिलं संकरित वाण आलं. त्याला गावागावात 'हायब्रीड' हेच नाव पडलं. बुटकं ताट, भरपूर दाणा. देशाला धान्य हवं होतं, त्यामुळे दाण्याचा हिशोब बरोबरच होता. पण बुटक्या ताटाचा कडबा कमी, ही शेतकऱ्याची तक्रारही खोटी नव्हती. पुढे संशोधकांना दाणा आणि कडबा दोन्ही देणारी उंच वाणं शोधावी लागली, ती याचमुळे.

दुसरा धक्का १९७२ चा दुष्काळ. रेशनवर अमेरिकेतून आलेली लाल मिलो मिळायची. ही मिलोसुद्धा ज्वारीच, आणि तिकडे ती मुख्यतः जनावरांना घालतात. आपल्याकडे माणसांनी तिच्या भाकरी खाल्ल्या. इथं एक गोष्ट लक्षात घ्या. दाणा जहाजातून आणता आला, कडबा आणता आला नाही. वैरण वजनाला हलकी आणि आकाराला अवाढव्य. गाडी वजनानं भरायच्या आधीच जागेनं भरते, म्हणून लांबून आणणं परवडत नाही. वैरण जवळच पिकावी लागते, आणि तीही आदल्या हंगामात.

तिसरा बदल सावकाश झाला. साखर कारखाने आले, ऊस वाढला. नव्वदच्या दशकापासून सोयाबीन पसरलं. आज लातूरच्या मार्केटमधला सोयाबीनचा भाव अख्खा मराठवाडा मोबाईलवर बघतो. पण सोयाबीनची पानं काढणीआधीच गळून पडतात. उरतं ते टणक काड्यांचं भुसकट. कडब्याची सर त्याला येत नाही. यात शेतकऱ्याला दोष देऊन उपयोग नाही. ज्वारी उपटायला मजूर मिळत नाही, पाखरं आणि रानडुकरं पीक ठेवत नाहीत, औताच्या जागी ट्रॅक्टर आला, आणि पोराची फी सोयाबीनच्या पट्टीतूनच भरली जाते. माझीही तशीच भरली गेली. मी बीटेक झालो त्यात बणीम संपल्याचाही हिस्सा आहे, हे मला मान्य करावंच लागतं.

मग आलं २०१६. लागोपाठ दोन वर्षं पाऊस कमी झाला होता. १२ एप्रिलला मिरजेहून पाण्याची रेल्वे लातूरला पोहोचली. पहिल्या खेपेत साधारण ५ लाख लिटर पाणी होतं. त्याचे फोटो देशभर गेले. आमच्या घरची शेवटची बैलजोडी त्याच उन्हाळ्यात विकली गेली. पाणी नव्हतं म्हणून विकली, असं घरात सगळे सांगतात. मी नंतर हिशोब मांडून बघितला. प्यायचं पाणी उशिरा का होईना, टँकरनं येत होतं. आली नाही ती वैरण. रब्बी ज्वारी हातची गेली होती आणि बणीम रचायला काही उरलंच नव्हतं.

मराठवाड्यात चारा छावण्या उघडल्या होत्या. छावण्यांचा ठरलेला हिशोब असा: मोठ्या जनावराला रोज १५ किलो हिरवा चारा, लहानाला साडेसात. शिवाय आठवड्यातून काही दिवस थोडी पेंड. १५ किलो ऐकायला भरपूर वाटतं. आता आकडेमोड करा. ४०० किलोच्या जनावराला रोज वजनाच्या २ ते अडीच टक्के, म्हणजे ८ ते १० किलो कोरडा चारा लागतो. हिरव्या चाऱ्यात साधारण तीन हिस्से पाणीच असतं. १५ किलोचे कोरडे धरले तर जेमतेम ४ किलो होतात. त्यानं जनावर जगतं, आणि छावणीचा उद्देशही तेवढाच होता. त्या छावण्यांनी हजारो जनावरं वाचवली, हे नाकारायचं कारण नाही. पण जगवणं आणि पोसणं यात फरक आहे.

त्यात दुष्काळात हिरवा चारा म्हणजे बहुतेक वेळा ऊस आणि उसाचे वाढे. वाढ्यात ऑक्झलेट असतं, ते अंगातलं कॅल्शियम बांधून ठेवतं. नुसत्या वाढ्यावर महिनोनमहिने ठेवलेली गाय हडकते, दूध तुटतं, गाभण राहायला त्रास होतो. पशुवैद्य यासाठी वाढ्यांवर चुन्याची निवळी शिंपडायला, खनिज मिश्रण द्यायला आणि सोबत कोरडी वैरण मिसळायला सांगतात. कोरडी वैरण म्हणजे पुन्हा कडबाच. गाडी फिरून तिथंच येते.

याच्या उलट चूक लाडापोटी होते. पोळ्याला बैलाला पुरणपोळी देतात, ती नैवेद्यापुरती ठीक. पण लग्नातला उरलेला भात आणि पोळ्या पाटीभर ओतल्या, की कोटीपोटात आम्ल वाढतं आणि जनावर दगावूही शकतं. त्या पोटात चारा पचवणारे जिवाणू असतात. त्यांना नव्या खाद्याची सवय व्हायला आठवडा-दोन आठवडे लागतात. म्हणून वैरण बदलायची ती थोडी थोडी, जुन्यात नवी मिसळत. आणि बुरशी आलेली पेंड किंवा भिजून काळा पडलेला कडबा स्वस्तात मिळाला तरी घ्यायचा नाही.

आता तुम्ही म्हणाल, आमच्याकडे जनावरंच नाहीत, आम्ही काय करायचं? तुमच्यापैकी बऱ्याच जणांची गावाकडं दोन-चार एकर आहे. यंदा काय पेरायचं, याचा फोन येतो तेव्हा तुमचंही मत विचारतात. तेव्हा भाव सांगताना एकदा वैरणीचंही विचारा. अख्खं रान ज्वारीला द्या असं मी म्हणत नाही. एखादा एकर, निदान चार-दोन पट्टे. लाल कंधारी आणि देवणी टिकवायच्या गप्पा आपण स्टेटसवर भरपूर मारतो. त्यांचं काय होणार, हे ऑक्टोबरातल्या तिफणीवर ठरतं.

तुमच्या गावात कडब्याच्या गंजीला काय म्हणतात? आणि शेवटची कधी बघितली? व्हॉइस नोट पाठवा, पुढच्या भागात ऐकवतो. भेटू.