श्वासमार्गाचे राखणदार

शस्त्रक्रियेपूर्वी रोग्याला भूल देतात, हें आतां घरोघरीं ठाऊक आहे. परंतु भूल चढल्यावर त्याचा श्वास कोण सांभाळतो, हा प्रश्न फार थोड्यांच्या मनांत येतो. जागेपणीं मनुष्य आपल्या घशाचें रक्षण आपणच करतो. पाण्याचा घोट चुकीच्या वाटेनें गेला तर तत्काळ ठसका लागतो. भूल चढली कीं हा पहारा उठतो. जीभ मागें पडून घसा बंद होतो, पोटांतलें पाणी वर येऊन फुप्फुसांत उतरूं शकतें, आणि कांहीं मिनिटें प्राणवायु मिळाला नाहीं तर मेंदूला कायमची इजा होते. म्हणून भूलशास्त्राचा इतिहास हा बह्वंशीं श्वासमार्ग राखण्याचा इतिहास आहे. आणि तो कोणा एका शोधकानें नव्हे, तर निरनिराळ्या व्यवसायांतील माणसांनीं मिळून घडविला आहे.

१६ ऑक्टोबर १८४६ रोजीं बोस्टन येथें विल्यम मॉर्टन यानें इथरची भूल जाहीरपणें देऊन दाखविली. पुढच्याच वर्षीं एडिंबरोच्या जेम्स सिम्प्सन यानें क्लोरोफॉर्म प्रचारांत आणला. परंतु २८ जानेवारी १८४८ रोजीं इंग्लंडांत न्यूकॅसलजवळ हॅना ग्रीनर ही पंधरा वर्षांची मुलगी पायाच्या बोटाचें नख काढतांना क्लोरोफॉर्मखालीं दगावली. शुद्धीवर आणण्यासाठीं तोंडांत घातलेलें पाणी व ब्रँडी यांमुळें ती गुदमरली, असें सिम्प्सनचें म्हणणें; क्लोरोफॉर्मनें हृदयच थांबलें, असें लंडनच्या जॉन स्नोचें मत. दोष श्वासाचा कीं हृदयाचा, हा वाद पुढें साठ वर्षें चालला. त्याचें एक मोठें पर्व हैदराबादेंत घडलें. तेथील सर्जन एडवर्ड लॉरी याच्या पुढाकारानें व निजामाच्या आश्रयानें १८८८ व १८८९ सालीं दोन कमिशनें बसलीं. भूल देणाऱ्यानें नाडीपेक्षां श्वासाकडे लक्ष ठेवावें, असा त्यांचा निष्कर्ष. हा उपदेश हिताचा होता. परंतु हृदयाला धोका नाहीं हें मत टिकलें नाहीं. १९११ सालीं गुडमन लेव्ही यानें प्रयोगांनीं दाखविलें कीं हलक्या क्लोरोफॉर्मखालींहि हृदय एकाएकीं बंद पडूं शकतें. दोन्ही पक्षांजवळ सत्याचा अंश होता, परंतु ते एकमेकांचें ऐकत नव्हते.

जेथें एकानें दुसऱ्याचें ऐकलें, तेथें मात्र विद्या झपाट्यानें पुढें सरकली. १८५४ सालीं मॅन्युएल गार्सिया या गायनाच्या शिक्षकानें लहानशा आरशाच्या साह्यानें स्वतःचें स्वरयंत्र पाहिलें. त्याला आवाजाचें मर्म जाणावयाचें होतें; वैद्यांनीं तें तंत्र उचलून घशाच्या रोगांसाठीं वापरलें. १८७८ सालीं ग्लासगोचा शस्त्रवैद्य विल्यम मॅकेवन यानें गळ्याला छेद न घेतां केवळ बोटांच्या अंदाजानें तोंडावाटे श्वासनलिकेंत नळी बसवून भूल दिली. १८९५ सालीं बर्लिनच्या आल्फ्रेड किर्स्टाइन यानें आरशावांचून स्वरयंत्र थेट डोळ्यांनीं पाहण्याचें उपकरण केलें.

या सर्वांचें फळ पहिल्या महायुद्धानंतर इंग्लंडांतील सिडकप येथें दिसलें. तेथील क्वीन्स हॉस्पिटलांत हॅरल्ड गिलीज हा शस्त्रवैद्य चेहरे छिन्नविच्छिन्न झालेल्या सैनिकांना नवीं नाकें व जबडे घडवून देत असे. अडचण उघड होती: शस्त्रवैद्याला जें तोंड मोकळें हवें, तेथेंच भूल देणाऱ्याला आपला मुखवटा धरावा लागे. बारीक नळीनें इथरची वाफ आंत सोडावी, तर ती रक्ताच्या शिंतोड्यांसह परत शस्त्रवैद्याच्याच तोंडावर येई. १९१९ पासून आयव्हन मॅगिल व स्टॅनली रोबोटम या दोघांनीं गिलीजबरोबर काम करीत यावर तोड काढली. आंत-बाहेर दोन्ही श्वास एकाच रुंद रबरी नळींतून जावे, अशी ती योजना. नळी वळविण्यासाठीं मॅगिलनें केलेला वांकडा चिमटा आजहि त्याच्याच नांवानें ओळखला जातो. १९४३ सालीं ऑक्सफर्डच्या रॉबर्ट मॅकिंटॉश यानें वक्र पात्याचें उपकरण प्रसिद्ध केलें. तें हातांनीं घडविणारा रिचर्ड सॉल्ट हा त्याच्या विभागांतील कारागीर होता.

साधनें उत्तम झालीं, तरी धोका संपला नाहीं. २००५ सालीं इंग्लंडांत दोन मुलांच्या एका आईवर नाकाजवळच्या पोकळींतली साधी शस्त्रक्रिया व्हावयाची होती. भूल दिल्यावर श्वासमार्ग मिळेना. तीन अनुभवी डॉक्टर जमले आणि नळी बसविण्याचा प्रयत्न पुनः पुनः करीत राहिले. एका परिचारिकेनें गळ्याला छेद घेण्याचीं साधनें आणून तसें सांगितलेंहि. परंतु तिच्या शब्दाकडे कोणाचें लक्ष गेलें नाहीं. रोगी कांहीं दिवसांनीं मृत्यु पावली. तिचा पति वैमानिक होता. विमानाच्या अपघातानंतर चौकशी होते ती शिक्षेसाठीं नव्हे, पुढचा अपघात टाळण्यासाठीं. आणि धोका दिसतांच कप्तानाला स्पष्ट सांगण्याचें शिक्षण दुय्यम वैमानिकालाहि मिळतें. हीच रीत शस्त्रक्रियागृहांत यावी म्हणून त्यानें २००७ सालीं एक मंडळ स्थापिलें. एका वैमानिकाचा हा धडा पुढें वैद्यांनीं आपल्या शिक्षणांत घेतला.

याच सुमारास भूलतज्ज्ञांनींहि आपल्या चुका एकत्र मांडण्याचें धैर्य दाखविलें. ब्रिटनमधील सरकारी इस्पितळांनीं २००८ ते २००९ या एका वर्षांतील श्वासमार्गाचे गंभीर अपघात कळविले. अहवाल २०११ सालीं निघाला. सुमारे २९ लाख भुलींमध्यें असे १३३ प्रसंग घडले व १६ रोगी दगावले. प्रमाण अल्प, परंतु पूर्वतपासणींतील हयगय, फसलेल्या उपायाचीच पुनरावृत्ति आणि उच्छ्वासांतील कार्बन डाय-ऑक्साइड मोजणाऱ्या यंत्राचा अभाव, हीं कारणें टाळतां येण्याजोगीं होतीं. हिंदुस्थानांतहि भूलतज्ज्ञांच्या अखिल भारतीय संघटनेनें २०१६ सालीं आपली मार्गदर्शक सूत्रें प्रसिद्ध केलीं. प्रयत्न मोजकेच करावे, मध्यंतरीं प्राणवायु देत राहावें आणि मदत वेळींच बोलवावी, हें त्यांचें सार.

नळी, चिमटा आणि पातें हीं आज गांवोगांवच्या इस्पितळांत मिळूं शकतात. परंतु अडचणीच्या घटकेस वडील डॉक्टरानें हात थांबवून परिचारिकेचें म्हणणें ऐकणें, ही गोष्ट विकत मिळत नाहीं. ती शिकवावी व शिकावी लागते. शस्त्रक्रियेच्या मेजावर निजलेल्या माणसाला त्या वेळीं स्वतःसाठीं बोलतां येत नाहीं. त्याच्या वतीनें बोलण्याचा अधिकार त्या खोलींतील प्रत्येकाला असला पाहिजे, हाच या पावणेदोनशे वर्षांच्या इतिहासाचा निष्कर्ष होय.