मातेच्या रक्तातील बाळाची चाहूल

उदरातले मूल कसे आहे, हे जाणण्याची ओढ फार जुनी आहे. आमच्या सावित्रीकाठी काय किंवा पोलादपूरच्या डोंगरवाड्यांत काय, जाणत्या बायका डोहाळ्यांवरून, चालण्यावरून, पोटाच्या आकारावरून अंदाज बांधीत आल्या आहेत. डोहाळजेवणात झाकलेल्या वाट्या पुढे ठेवून ‘पेढा की बर्फी’ हा खेळ आपण सर्वजणींनीच खेळला आहे. अंदाज चुकला तर हसायचे आणि बारशाला पुन्हा जमायचे. त्या खेळाने कुणाचे वाईट होत नसे.

आता मात्र गर्भवतीच्या दंडातून थोडेसे रक्त घेऊन पोटातल्या बाळाची परीक्षा करता येते. स्मरणिकेसाठी आरोग्यविषयक काही लिहावे असे मंडळाच्या भगिनींनी सुचविले, तेव्हा या परीक्षेचाच इतिहास मांडावा असे मला वाटले. कारण त्यात आपल्या महाराष्ट्राचा आणि आपल्यासारख्याच मंडळांचा मोठा वाटा आहे.

या कथेची सुरुवात गर्भजल परीक्षेपासून होते. गर्भाभोवतालचे पाणी सुईने काढून तपासावयाचे, ही पद्धत आपल्या देशात १९७० नंतरच्या दशकात आली. हेतू चांगला होता. बाळाला काही जन्मजात व्यंग आहे काय, हे आधी कळावे एवढाच. पण त्याच पाण्यात मुलगा की मुलगी हेही कळे. थोड्याच वर्षांत, आज थोडा पैसा खर्च करा आणि उद्याचा हुंडा वाचवा, अशा अर्थाच्या जाहिराती लागू लागल्या. १९८६ साली डॉ. संजीव कुलकर्णी यांनी मुंबईच्या ५० स्त्रीरोगतज्ज्ञांच्या मुलाखती घेतल्या. त्यांपैकी ४२ जण लिंग सांगण्यासाठी ही परीक्षा करीत असल्याचे आढळले. ज्ञान तेच, पण ते आईच्या हातून निसटून बाजारात गेले.

याविरुद्ध मुंबईतील स्त्रिया, डॉक्टर व कार्यकर्ते एकत्र आले. सभा झाल्या, मोर्चे निघाले आणि १९८८ साली महाराष्ट्राने या परीक्षांवर नियंत्रण ठेवणारा कायदा केला. देशातला असा हा पहिलाच कायदा. पुढे १९९४ साली संसदेने सर्व देशासाठी कायदा केला व तो १ जानेवारी १९९६ पासून अमलात आला. त्या कायद्यात प्रसूतिपूर्व परीक्षांची जी व्याख्या आहे तीत सोनोग्राफी आहे, गर्भजल आहे, आणि ‘रक्त’ हाही शब्द आहे. हा शब्द वाचकभगिनींनी ध्यानात ठेवावा.

कारण आईच्या रक्तद्रवात बाळाचा डीएनए सापडल्याचे जगाला कळले ते १९९७ साली, म्हणजे कायदा झाल्यावर तीन वर्षांनी! हाँगकाँगचे डॉ. डेनिस लो तेव्हा इंग्लंडमध्ये ऑक्सफर्ड येथे काम करीत होते. गर्भाच्या काही पेशी आईच्या रक्तात उतरतात, हे पूर्वीच ठाऊक होते. त्या शोधून काढण्यात शास्त्रज्ञांची कित्येक वर्षे गेली. पण त्या इतक्या विरळ, की हाती फारसे लागेना. रक्तातल्या पेशी खाली बसल्यावर वर जो पिवळसर रक्तद्रव राहतो, तो मात्र टाकून दिला जाई. लोण्याच्या शोधात ताक ओतून द्यावे, त्यातला प्रकार! लो यांनी तो रक्तद्रवच तपासायचे ठरविले. झटपट नूडल्स शिजवतात तसा तो काही मिनिटे उकळला व त्यातून डीएनए मिळविला, असे ते स्वतःच सांगतात. स्वयंपाकघरातली युक्ती प्रयोगशाळेत अशी उपयोगी पडली.

त्यांनी ४३ गर्भवतींचे रक्त तपासले. ३० जणींच्या पोटी मुलगा होता. त्यांपैकी २४ जणींच्या रक्तद्रवात पुरुष-गुणसूत्राची खूण मिळाली. मुलगी असलेल्या १३ जणींत ती एकदाही मिळाली नाही. हा निबंध ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला. हे नाव महाडकरांना परके नाही. बिरवाडीच्या आरोग्यकेंद्रात विंचूदंशाच्या रोग्यांवर उपचार करता करता डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी केलेले संशोधन १९८० नंतरच्या दशकात त्याच नियतकालिकाने छापले होते.

बाळाचा हा डीएनए मुख्यतः वारेतून येतो. वारेच्या पेशी झिजतात, तेव्हा त्यांचे बारीक तुकडे आईच्या रक्तात मिसळतात. दहाव्या आठवड्याच्या सुमारास रक्तद्रवातील मोकळ्या डीएनएचा साधारण दहावा हिस्सा बाळाकडचा असतो आणि बाळंतपणानंतर तो लवकरच नाहीसा होतो. २००८ साली हाँगकाँग व अमेरिकेतील संशोधकांनी दाखविले की, हे तुकडे मोजून डाऊन सिंड्रोमची शंका आधीच ओळखता येते. त्या व्यंगात एकविसावे गुणसूत्र दोनाऐवजी तीन असते, म्हणून त्याचे तुकडे थोडे जास्त भरतात. २०११ पासून ही परीक्षा परदेशांत मिळू लागली व पुढे आपल्याकडेही आली.

तिचा लाभ खरा आहे. पोटात सुई घालताना थोडा का होईना, गर्भपाताचा धोका असतो. तो या परीक्षेत नाही. परंतु ही केवळ चाळणी आहे, अंतिम निकाल नव्हे. शंका आली तर गर्भजल तपासून खात्री करावी लागते. केवळ या कागदावर कुणी मोठा निर्णय घेऊ नये.

आता भयाची बाजू. महाराष्ट्रात सहा वर्षांखालील दर १००० मुलग्यांमागे १९९१ साली ९४६ मुली होत्या. २०११ साली ८९४ उरल्या. कायदा असून असे का झाले? कारण तो पुष्कळ काळ कागदावरच राहिला. सेहत व मासूम या महाराष्ट्रातील संस्था आणि डॉ. साबू जॉर्ज हे २००० साली सर्वोच्च न्यायालयात गेले, तेव्हा कोठे यंत्रणा हलली व २००३ साली कायदा अधिक कडक झाला. यातील मासूम म्हणजे महिला सर्वांगीण उत्कर्ष मंडळ. आंबेनळी घाट चढून वर गेले की सातारा जिल्हा लागतो. तेथील दलित महिला विकास मंडळाच्या ॲड. वर्षा देशपांडे यांनी गर्भवती स्त्रियांच्याच साहाय्याने, लिंग सांगणारे दवाखाने पकडून दिले. हीही मंडळेच, हे आपण विसरू नये.

सोनोग्राफीचे यंत्र मोठे असते. त्याची नोंद होते, त्याला सील ठोकता येते. रक्ताची कुपी मात्र खिशात मावते व कोठल्या कोठे जाऊ शकते. म्हणून यापुढचा पहारा सरकारी कचेरीइतकाच आपल्या माजघरात लागणार आहे. सुनेचे रक्त कशासाठी घेतले, हे तिला ठाऊक असले पाहिजे. अहवालात बाळाचे लिंग सांगणे हा गुन्हा आहे. सांगणाऱ्याला तुरुंगवास आहे, विचारणाऱ्या नवऱ्याला व सासूलाही आहे. गर्भवतीवर मात्र घरच्यांनी बळजबरी केली असे न्यायालय गृहीत धरते. तेव्हा तिने भिऊन गप्प बसण्याचे कारण नाही आणि तिच्या पाठीशी उभे राहणे हे आपल्या मंडळाचे काम आहे.

बाळाची चाहूल आईच्या रक्तात असते, हे आपल्या आज्यांना प्रयोगशाळेवाचून ठाऊक होते. शास्त्राने आता ती चाहूल वाचावयास शिकविले. वाचून काय करायचे, हे ठरविणे आपल्या हाती आहे. मंडळाच्या पुढील वर्षांत या तालुक्यांतील प्रत्येक घरी पेढ्याइतकीच बर्फीही आनंदाने वाटली जावो, हीच वर्धापनदिनी सदिच्छा.